गाठ मोजता, त्याच स्कॅनमध्ये खंगणारं अंगही मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री व मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच विदर्भातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, क्ष-किरण विभागप्रमुख आणि कर्करोग विभागप्रमुख यांस,

विषय : कर्करोग रुग्णांच्या सीटी स्कॅनमधून स्नायूंची झीज वेळेत ओळखण्याबाबत

स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. गेली अकरा वर्षं सीटी स्कॅनच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून काम करते. मूत्रपिंडाचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघायचा, रुग्णाला टेबलावर निजवायचं, हाताची सुई नीट बसलीय का तपासायचं आणि काचेमागे येऊन "श्वास घ्या, रोखून धरा" म्हणायचं, हे माझं रोजचं काम. चित्र मी काढते, त्याचा अर्थ डॉक्टर लावतात. तरी या खोलीत माझ्या हातांना एक गोष्ट कळते आणि ती कोणत्याच रिपोर्टात उतरत नाही. तीन महिन्यांपूर्वी ज्या माणसाला स्ट्रेचरवरून टेबलावर घ्यायला दोघं लागले होते, त्याला आता मी एकटी सरकवते. खांद्याखाली हात घातला की हाड लागतं. चादर तीच, टेबल तेच, माणूस अर्धा झालेला. आणि संध्याकाळी रिपोर्ट येतो : गाठ जैसे थे.

आपल्याकडे याला खंगणं म्हणतात. डॉक्टरी भाषेत कॅकेक्सिया. आपल्या भागात कुणाचं अंग वाळायला लागलं की पहिला संशय टीबीचा येतो, आणि तो तपासलाच पाहिजे. पण कॅन्सरमधलं खंगणं ही वेगळी गोष्ट आहे. साधी उपासमार असेल तर अन्न मिळाल्यावर अंग भरून येतं. इथे शरीरात सतत दाह चालू असतो. त्यातून निघणारे पदार्थ स्नायू मोडायला लावतात आणि भूकही मारतात. म्हणून नुसतं खाऊ घालून गेलेलं मांस पूर्णपणे परत येत नाही. २०११ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून याची व्याख्या ठरवली. उपासमारीचं कारण नसताना सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं, तर कॅकेक्सिया. स्नायू आधीच कमी असतील तर दोन टक्क्यांहून जास्त घटही पुरे. त्यांनी तीन पायऱ्याही सांगितल्या : सुरुवातीची, पक्की झालेली, आणि उपचारांना दाद न देणारी. आपल्याकडचा रुग्ण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर पोचल्यावरच कुणाच्या डोळ्यांत भरतो. पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांना हे होतं, आणि कॅन्सरच्या मृत्यूंपैकी सुमारे वीस टक्के मृत्यूंना खंगणंच कारण ठरतं, असं वैद्यकीय साहित्यात वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

हे सगळं मला कामामुळे कळलं, असं मी म्हणू शकले असते तर बरं झालं असतं. मला ते माझ्या बाबांमुळे कळलं.

पांढरकवड्यापासून आत आमचं गाव. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. त्या वर्षी दसऱ्यानंतर कापूस वेचणीला आला, तेव्हा गाठोडं उचलायला बाबांनी पहिल्यांदा गड्याला हाक मारली. वय झालं, असं आम्ही समजलो. मनगटातलं घड्याळ कोपराकडे सरकू लागलं. शेजारची काकू आईला म्हणाली, "वहिनी, भाऊजीले नीट खाऊ घालत जा वं, लय खंगले ते." आईने त्या रात्री भाकरीवर तेलाची धार जास्त सोडली. बाबा दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. "जेवन जातच नाही मले," म्हणायचे. दिवाळीनंतर नागपूरला दुर्बीण घातली, जठराचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत गेलेला. जनआरोग्य योजनेत केमो मोफत झाली; आरोग्यमित्राने कागद लावून दिले. त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

एका रुग्णालयात पुढचे आठ महिने आम्ही जात राहिलो. त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे एका रुग्णालयाचं दुखणं नाही. पहिल्या दिवशी केसपेपरवर वजन लिहिलं : ६१ किलो. नंतर ५८. त्यानंतर सलग तीन वेळा ५८. तिन्ही वेळा मी सोबत होते, तिन्ही वेळा बाबांना काट्यावर कुणी उभं केलं नाही. मागच्या पानावरचा आकडा पुढच्या पानावर उतरवला गेला. ओपीडीत रेटारेटी असते, सिस्टरला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे मला माहीत आहे. मीही त्याच व्यवस्थेत राबते. पण आमच्या गावात वेचणाऱ्या बाईचं गाठोडं रोज संध्याकाळी काट्याला लागतं, कारण वेचाई किलोवर मिळते. अर्ध्या किलोवरून वाद होतात. शेवटी एका रविवारी व्यापाऱ्याच्या गोदामातल्या कापसाच्या काट्यावर मी बाबांना उभं केलं. काटा ५७ वर थांबला. पोट टम्म होतं, पायांवर सूज होती. पोटात पाणी झालं होतं, आणि त्या पाण्याचं वजनही काट्याने माणसात धरलं होतं.

पोळ्याच्या आधी आठ दिवस बाबा गेले.

त्यांच्या तीन स्कॅनच्या तीन सीडी प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, रेशनकार्डाच्या खाली होत्या. वर्षश्राद्ध झाल्यावर त्या मी कामावर नेल्या आणि ड्युटी संपल्यावर उघडल्या. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप, म्हणजे शरीराच्या आडव्या छेदाचं एक चित्र, घ्यायचा, त्यातले स्नायू रंगवायचे, क्षेत्रफळ काढायचं आणि उंचीच्या वर्गाने भागायचं, ही पद्धत मी वाचली होती. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास ती रूढ केली. सीटीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो : पाणी शून्य, हवा उणे हजार. स्नायू साधारण उणे २९ ते अधिक १५० यांच्या दरम्यान येतात, चरबी त्याच्या खाली. म्हणजे स्नायू आणि चरबी यांची सीमा मनाने ठरवायची नसते, आकडा ती दाखवतो. या एका पातळीवरचं क्षेत्रफळ अख्ख्या शरीरातल्या स्नायूंशी चांगलं जुळतं, म्हणून हा मणका निवडतात.

पहिला काप रंगवायला मला पाऊण तास लागला. पाठीचे स्नायू, मणक्याच्या दोन्ही बाजूंचे, पोटाच्या भिंतीचे पातळ पट्टे. १२८ चौरस सेंटिमीटर. दुसरी सीडी, महाशिवरात्रीच्या आठवड्यातली : ११२. तिसरी, पेरणीच्या दिवसांतली : ९४.

मी तिथेच बसून राहिले. पहिल्या आणि दुसऱ्या स्कॅनच्या दरम्यान वजन तीन किलोंनी घटलं होतं, पाच टक्क्यांना किंचित कमी. कुणाला घाबरण्यासारखं वाटलं नसतं. पण तेवढ्याच काळात अंगातला आठवा हिस्सा स्नायू गेला होता. तिसऱ्या स्कॅनपर्यंत चौथ्या हिश्शाहून जास्त. काटा मात्र चार किलोच सांगत होता. तिन्ही रिपोर्ट मी पुन्हा वाचले. गाठीचं माप मिलिमीटरमध्ये होतं, यकृतातल्या डागांची मोजदाद होती, पित्ताशयाबद्दल होतं, मूत्रपिंडातल्या एका छोट्या खड्याबद्दलही होतं. स्नायूंबद्दल एक ओळ नव्हती. चित्र होतं, माहिती चित्रात होती, आणि ती बघायची असं कुणी ठरवलेलंच नव्हतं.

हे वेळेवर कळलं असतं तर बाबा वाचले असते, असं मी म्हणत नाही. चौथ्या टप्प्याचा कॅन्सर होता. पण केमोचा डोस उंची आणि वजनावरून काढतात, आणि वजन सारखं दिसलं तरी आत स्नायू कमी असतील तर काही औषधांचा त्रास जास्त होतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. बाबांच्या तोंडाला जे फोड आले, जे जुलाब लागले, ते त्याचमुळे होते असं सांगण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. डॉक्टरांसमोर मात्र तो आकडा असायला हवा होता. आईलाही कुणीतरी सांगायला हवं होतं की बाई, तुझ्या स्वयंपाकात काही कमी नाही, हे आजाराचं काम आहे. ती आजही म्हणते, "म्याच कमी पडली."

आता माझ्या मुद्द्यावर येते. मला पाऊण तास लागला, सराव असलेल्याला दहा-वीस मिनिटं लागतात. रोज पन्नास-साठ स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला हे करा म्हणणं अन्यायाचं आहे. नेमकं हेच काम कृत्रिम बुद्धिमत्ता काही सेकंदांत करते. माणसांनी हाताने रंगवलेले हजारो काप दाखवून संगणकाला स्नायू ओळखायला शिकवतात; मग तो नव्या स्कॅनमध्ये तो मणका स्वतः शोधतो, स्नायू वेगळे करतो, क्षेत्रफळ सांगतो. स्नायूंत चरबी मुरली असेल तर त्यांची घनता उतरते, तीही सांगतो. ही परीकथा राहिलेली नाही. स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेलं 'टोटलसेगमेंटेटर' हे सॉफ्टवेअर शरीरातले शंभरहून अधिक भाग असे वेगळे करून दाखवतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या मॉफिट कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी २०२५ मध्ये त्याच्या पुढचं पाऊल मांडलं : स्कॅनमधले स्नायू, रक्ताचे रिपोर्ट, वजन-उंची आणि डॉक्टरांच्या नोंदी एकत्र वाचून कॅकेक्सिया ओळखायचा. एकेक कागद सुटा वाचला तर जे निसटतं, ते सगळे शेजारी ठेवले की दिसतं. गावातली जाणती बाई माणसाचा चेहरा, चाल, ताटातलं उरलेलं अन्न असं सगळं एकदम बघूनच "हा खंगला" म्हणते ना, तसंच.

यासाठी नवीन स्कॅन काढायचा नाही, हे मी ठळकपणे सांगते. खंगणं शोधायला म्हणून कुणाला सीटीच्या किरणांत घालू नये. कॅन्सरच्या उपचारासाठी जो स्कॅन होणारच आहे, झालाच आहे, त्यातूनच हे वाचायचं आहे. रुग्णाला जादा खर्च नाही, जादा फेरी नाही. ज्याला पांढरकवड्याहून नागपूरला जायला तीन-साडेतीन तास एसटीत बसावं लागतं, त्याला एक फेरी वाचणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

"हे आपल्याकडे कुठं जमणार?" असं कुणी म्हणेल तर टीबीचं उदाहरण समोर आहे. छातीचा एक्स-रे संगणकाने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे मशीन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता गावपातळीवर वापरली गेली. जे टीबीसाठी जमलं, ते कॅन्सरसाठी मेडिकल कॉलेजच्या वातानुकूलित खोलीत जमणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

पण बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं लावलं तर विदर्भात ते दोन ठिकाणी अडखळेल, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

पहिली अडचण खर्ऱ्याची. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, कुठेही जा. सुपारी, तंबाखू, चुना. आमच्या टेबलावर येणाऱ्या पुरुषांत, आणि आता बायांतही, तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण मी रोज बघते. कितीतरी जणांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. या माणसाचा पोटाचा सीटी बहुधा निघतच नाही! त्याचा स्कॅन चेहरा आणि मानेचा असतो. मग कमरेचा तिसरा मणका शोधणारी प्रणाली त्याच्या स्कॅनमध्ये काय शोधणार? म्हणजे आपल्याकडे ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच नेमके सुटणार. यावर उपाय आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की मानेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचे स्नायू मोजूनही कमरेच्या मापाचा अंदाज बांधता येतो. रेडिएशनच्या आखणीसाठी मानेचा जो सीटी काढतात, त्यातही ही पातळी येते. पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी स्नायूंत घुसलेल्या असतात, शस्त्रक्रियेत मानेचा एखादा स्नायू काढलेला असतो, दातांतल्या धातूमुळे चित्रावर रेघोट्या उठतात. या सगळ्यासकट प्रणाली शिकवावी लागेल, आणि ती आपल्याच रुग्णांवर शिकवावी लागेल. असे स्कॅन आपल्याइतके कुणाकडे आहेत?

दुसरी अडचण मापाची. कॅनडाच्या त्या २००८ च्या अभ्यासात स्नायूंचं क्षेत्रफळ मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याची पुरुषांसाठी ५२.४ आणि बायांसाठी ३८.५ अशी सीमा निघाली होती, तीही लठ्ठ रुग्णांवरून. त्याखाली आकडा आला तर स्नायू कमी. बाबांची उंची १६५ सेंटिमीटर. पहिल्याच दिवशी त्यांचा आकडा ४७ येतो. तेव्हा ते खंगू लागले होते हे खरं, पण त्या पट्टीने ते कदाचित धडधाकट असतानाही स्नायू कमी असलेले ठरले असते. ज्या माणसाने आदल्या हंगामात कापसाची गाठोडी उचलली, तो! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की भारतीय शरीर बारीक दिसलं तरी त्यात चरबी तुलनेने जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि हे जन्मापासूनच. परदेशी पट्टी लावली तर अर्ध्या ओपीडीवर धोक्याची लाल खूण पडेल, आणि सगळंच लाल झालं की कुणी बघणार नाही. म्हणून आपली पट्टी आपण बनवायला हवी : शेतमजूर, कोलाम, गोंड, माडिया, कोरकू, शहरातला दुकानदार, सगळ्यांची. आणि ती तयार होईपर्यंत प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या स्कॅनशी करावी. ४७ वरून ४१, ४१ वरून साडेचौतीस. ही उतरण वाचायला कुठलीच पट्टी लागत नाही.

हे करायला माणसं आणि जागा विदर्भात आहेत. नागपूर आणि वर्ध्याची कर्करोग नोंदणी आहे. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून खेड्यातल्या रुग्णासाठी काम करतं. नागपुरात शासकीय मेडिकल आहे, एम्स आहे, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. या सगळ्यांनी मिळून नावं काढून टाकलेले, संमती घेतलेले जुने स्कॅन एकत्र आणले, तर कामाला सुरुवात होते. संमतीपत्र मराठीत हवं, आणि कोलामी, गोंडी, कोरकू बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावलेलं हवं. वैद्यकीय कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा त्याच वर्षीचा आहे. त्यांच्या चौकटीत हे बसतं. एवढंच बघावं की आमच्या रुग्णांच्या स्कॅनवर शिकलेलं सॉफ्टवेअर उद्या आमच्याच जिल्हा रुग्णालयाला विकत घ्यावं लागू नये.

आता आकडा हाती आल्यावर पुढे काय? हा प्रश्न माझ्या मते संगणकापेक्षा मोठा आहे. खंगणं ओळखलं, रिपोर्टात ओळ छापली, आणि रुग्ण ती ओळ पिशवीत घालून गावी परतला, तर आपण काहीच केलं नाही. कर्करोगाच्या ओपीडीशेजारी आहारतज्ज्ञ बसलेला हवा, ज्याला तुरीचं वरण, जवसाची चटणी, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा कूट, ज्वारीची आंबील यांतून प्रथिनं कशी वाढवायची हे सांगता येईल. महागड्या प्रथिन-पावडरीच्या डब्याची चिठ्ठी लिहून देणारा नको. तोंडाच्या रुग्णाला नाकातून किंवा पोटातून नळी घालायची तर ती अंगात त्राण असताना घालावी. नळी म्हटली की घरचे घाबरतात, "आता सरलं" असं समजतात. त्यांच्याशी बोलायला वेळ देणारं माणूस हवं. बसल्या जागी करायचे हातापायांचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट हवा.

आणि औषधही आहे. पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेत जठर, फुप्फुस, यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्गाच्या कॅन्सरच्या १२४ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोसोबत ओलान्झापीन हे जुनं, स्वस्त औषध अडीच मिलिग्रॅम रोज, बारा आठवडे दिलं. पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले रुग्ण त्या गटात ६० टक्के निघाले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने भूक आणि वजनासाठी हे औषध आपल्या शिफारशीत घेतलं. हा शोध आपल्याच देशातल्या सरकारी संस्थेचा आहे. अर्थात कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. जपानने २०२१ मध्ये खंगण्यावरच्या ॲनामोरेलिन या औषधाला परवानगी दिली, आणखी काही औषधांच्या चाचण्या चालू आहेत. पण त्यांची वाट बघत बसण्याची गरज नाही, कारण जे हाताशी आहे तेही आपण वेळेत देत नाही.

टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. सरकारने मान्य केलं की या आजारात अन्न हाही उपचाराचा भाग आहे. कॅन्सरने खंगणाऱ्यालाही तशीच मदत थेट खात्यात द्यावी, अशी माझी मागणी आहे. स्कॅनमधली उतरण हा त्यासाठीचा पुरावा धरता येईल.

गावात आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. वजन घटलं का, तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडातला फोड दोन आठवड्यांत बरा झाला का, हे प्रश्न त्यात आहेतच. वजन घटलं म्हणून थुंकी तपासली, टीबी नाही निघाला, की विषय तिथे संपू नये. आणि ज्याचे कॅन्सरचे उपचार चालू आहेत, त्याचं वजन महिन्यातून एकदा त्याच काट्यावर आशाताईंनी घेऊन कळवावं, त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला मिळावा. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांमध्ये कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर झालं आहे. विदर्भातल्या अशा प्रत्येक केंद्रात पहिल्या दिवसापासून दारातच काटा आणि उंची मोजायची पट्टी असावी. आकडा मागच्या पानावरून उतरवता येऊ नये, यासाठी काटा थेट संगणकाला जोडावा. उंची नसेल तर स्नायूंचा आकडा काढताच येत नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फॉर्मांवर उंचीचा रकाना कोरा असतो.

रेडिओलॉजिस्ट सरांना आणि मॅडमना माझी वेगळी विनंती. सॉफ्टवेअर येईल तेव्हा येईल. तोवर कॅन्सरच्या रुग्णाचा आधीचा स्कॅन शेजारी उघडलाच असेल, तर कमरेच्या त्या एका कापाकडे दोन सेकंद बघा आणि स्नायू उतरलेले दिसले तर एक वाक्य लिहा. तुमच्या एका वाक्याने कर्करोगाचे डॉक्टर काटा मागवतील.

पहिला प्रयोग एका मेडिकल कॉलेजात सुरू करा, वर्षभर चालवा, आकडे लोकांपुढे ठेवा. किती जणांची झीज कळली, त्यांतल्या किती जणांपर्यंत आहारतज्ज्ञ पोचला, हे दोन्ही. प्रणालीला शिकवायला हाताने रंगवलेले काप लागतील, आणि त्यासाठी माणसं मिळत नाहीत असं कुणी सांगू नये म्हणून लिहिते : ड्युटी संपल्यावर रोज दोन तास मी हे काम करायला तयार आहे, मोबदल्याशिवाय. माझ्यासोबतच्या दोन तंत्रज्ञांनीही होकार दिला आहे. आता मला एका कापाला बारा मिनिटं लागतात. बाबांचे तीन स्कॅन आईच्या सहीच्या संमतीपत्रासह तयार ठेवले आहेत. कुठे पोचवायचे ते कळवावं.

आपली,
एक सीटी तंत्रज्ञ
यवतमाळ जिल्हा